गद्रे काकांचा फ्रान्स

गद्रे काकांच्या फ्रान्सच्या अल्बममध्ये २१४ फोटो आहेत आणि त्यातले २०९ बाकांचे आहेत. रिकाम्या बाकांचे. मी मोजले आहेत. उरलेले पाच पायऱ्यांचे. त्यांवरही बसता येतं, असं काकांचं म्हणणं.

काका ओहायोतल्या डब्लिनमध्ये आमच्या शेजारी राहतात. वय बहात्तर, घरात एकटे. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या पॉटलकला ते टॅब्लेट घेऊनच येतात आणि कोणी प्लेट घेऊन बसलं, की शेजारची खुर्ची पकडतात. "हा बघा. टेकायला पाठ, धरायला हात, दुपारी सावली. उत्तम!"

माझ्या मुलीने एकदा विचारलं, "काका, बट व्हेअर इज द आयफेल टॉवर?"

"माझ्या मागे होता. तू हा बाक बघ ना! दोघं आरामात मावतात."

यंदा आम्ही पॅरिसची तिकिटं काढली. चौथं तिकीट नागपूरहून आलेल्या आईचं. निघायला आठवडा उरला आणि तिने जाहीर केलं, "माझं कॅन्सल कर. या गुडघ्यांनी मी दर दोनशे पावलांवर थांबणार, तुमची ट्रिप खराब होणार." मी व्हीलचेअरचं नाव काढलं, तर ती त्या रात्री जेवलीच नाही.

काकांना हे कळलं तसे ते येऊन थेट आईसमोर बसले. "ताई, म्युझियमच्या दारापासून हा बाक एकशे चाळीस पावलं. तिथून हा नव्वद. मी चालून मोजलंय."

"अहो, पण कशाला मोजलंत?"

काकांनी टॅब्लेट खाली ठेवला. "आमच्या हिला घेऊन गेलो होतो. हिचेही गुडघेच. मी सारखा म्हणायचो, चल लवकर, उशीर होतोय. तिसऱ्या दिवशी म्हणाली, तुम्ही या जाऊन. उरलेले चार दिवस हॉटेलात बसली. ती गेल्यावर मी पुन्हा गेलो. म्हटलं, बघू तरी, तिला टेकायला जागा होती का. इतकी होती हो, ताई!"

आई आमच्याबरोबर आली. आठ दिवसांत आम्ही काकांचे एकतीस बाक वापरले. आईची पावलं लहान, म्हणून मी आकडा सव्वापट धरत होतो. अंतर बरोबर जुळायचं. तिला पॅरिस मी नाही दाखवलं, काकांनी दाखवलं.

एका बागेत ती बसलेली असताना फोटो काढून मी काकांना पाठवला. "निघायचं का?" असं तिला विचारतोय, तेवढ्यात त्यांचं उत्तर आलं.

"ताईंना म्हणावं, बसा हवं तेवढं. घाई नाही."