डब्यातून आलेली हाक

"निश्चिंत राहा डॉक्टर! आमचं सॉफ्टवेअर म्हणजे भरलेला डबा. लागणारं सगळं आतच. उघडला की सुरू!"

डोळ्यांच्या दवाखान्यात मी छाती फुगवून हे सांगितलं. पेशंटना हाक मारणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता आणि सगळ्या साहित्यासकट 'कंटेनर' नावाच्या एका डिजिटल डब्यात बांधून आणला होता. म्हणजे दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर वेगळं काही टाकायलाच नको! त्याच दिवशी सासूबाईंची तपासणी होती. म्हटलं, त्यांनाही दिसू दे जावयाचा पराक्रम!

नर्सने त्यांच्या डोळ्यांत थेंब घालून त्यांना डोळे मिटून बाकावर बसवलं. सासूबाईंनी लगेच शेजारच्या आजोबांना सांगितलं, "काउंटरवर उभे आहेत ना, ते माझे जावई. हे सगळं त्यांनीच केलंय!" आजोबांनी ते मागच्या बाकाला सांगितलं. मी ऐटीत बटण दाबलं.

स्पीकर खरखरला आणि माझाच आवाज हॉलभर घुमला, "खडूस सासूबाई, खोली नंबर दोनमध्ये या!"

ऑफिसात चाचणीसाठी मी खोटे पेशंट तयार केले होते. मित्रांना हसवायला नावं अशी ठेवली, आवाजही मीच दिला. डबा भरताना अख्खं फोल्डर उचललं, त्यात हेही आलं!

घाईघाईने प्रोग्रॅम बंद केला. पण बंद पडला तर आपोआप पुन्हा सुरू व्हावा, ही हुशारीही माझीच! "खडूस सासूबाई, खोली नंबर दोनमध्ये या!" परत बंद केला. परत पहिल्यापासून!

"अहो, कोण त्या खडूस बाई? त्यांना सोडा ना आत एकदाच्या!" एक गृहस्थ वैतागले.

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. मग सगळ्या बाकांनी पाहिलं. शेवटी नर्सने स्पीकरची वायरच उपटली.

मी धावलो. "आई, ते... तुम्हाला नीट ऐकू आलं नसेल..."

"थेंब डोळ्यांत घातलेत, जावईबापू. कानांत नाही." त्या उठल्या. "खोली दोन कुठे आहे?"

बायकोच्या बाळंतपणात याच बाई पहाटे उठून आधी माझा चहा ठेवायच्या. त्यांचा हात धरून दारापर्यंत नेताना मला भिंतीत शिरावंसं वाटत होतं.

तपासणी झाली. जिन्यात सासूबाईंना बायकोचा फोन आला. आता संपलं, म्हटलं!

"छान झालं गं सगळं," सासूबाई तिला म्हणाल्या. "जावईबापूंनी माझा नंबर सगळ्यांच्या आधी लावला."

माझे डोळेच भरून आले. त्यांनी फोन ठेवला, चाचपडत माझा दंड धरला आणि असा चिमटा काढला म्हणता!

"आई गं!" मी कळवळलो.

"हं," त्या म्हणाल्या, "आता कशी नीट हाक मारलीत!"