साळवेकाकांचं हुपाकोए

कुणी बोलायला लागलं की आमचे घरमालक साळवेकाका खाली बसतात. गॅसवाला दारात "सिलिंडर, जी" म्हणाला, की काका उकिडवे. सेक्टर सतराच्या बँकेत साहेब व्याजाचं समजावू लागला, तर काका खुर्ची सोडून फरशीवर. साहेबाला टेबलापलीकडे नुसतं टक्कल दिसत होतं. बिचारा उभा राहून बोलला.

काका मूळचे नगरकडचे. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि चंडीगडलाच राहिले. एकदा चर्चमध्ये पाळकांनी सांगितलं, की बायबलात जिथं आज्ञापालन म्हटलंय, तिथं मूळ ग्रीक शब्द हुपाकोए आहे. हुपो म्हणजे खाली, अकोए म्हणजे ऐकणं. नम्र होऊन ऐकावं, एवढंच पाळकांना म्हणायचं होतं. पण फौजी माणूस शब्दाचा अर्थ लावत बसत नाही, अंमलात आणतो. काका त्याच प्रवचनात बाकावरून खाली उतरले.

"उभी नोकरी मी आज्ञापालन म्हणजे टाचा जुळवणं समजलो," ते मला म्हणाले. "सगळं चुकलं, यार! आधी खाली, मग कान."

माझी मोठी पंचाईत. मी बीडचा, नववीतनं शाळा सोडलेला, चंडीगडजवळच डेराबस्सीच्या औषध कारखान्यात पॅकिंगला. ओळखपाळख नसताना काकांनी गच्चीवरची खोली दिली, वर रविवारी जेवायला बोलावतात. असा माणूस माझ्या पायाशी बसणार आणि मी खुर्चीवर? मीही खाली बसायचो. मग ते वाकायचे. मग मी वाकायचो. एकदा पाण्याच्या मोटारीविषयी बोलता बोलता आम्ही दोघं पार पालथे झालो. शेजारच्या पंजाबी आजींनी, बीजींनी, जाळीतून पाहिलं. त्यांना वाटलं, आम्ही काही हरवलेलं शोधतोय.

"की लभदे ओ, सूबेदार साब?"

"सुन रहे हैं, जी," काका जमिनीवरून म्हणाले.

भाजीवाला तर जमिनीवरच बसतो. तिथं काय झालं ते सांगत नाही. तेव्हापासून दुधी मी आणतो.

गेल्या महिन्यात रूथचा फोन आला. रूथ म्हणजे काकांची एकुलती लेक. तिनं आपल्या पसंतीच्या मुलाचं नाव काढलं, तेव्हा काकांनी तिला वाक्यही पुरं करू दिलं नव्हतं. "ऑर्डर म्हणजे ऑर्डर." ती गेली, लग्न केलं. काकू वारल्या तेव्हा मातीपुरती आली. आता रविवारी येते म्हणाली.

"मी मध्येच बोललो तर?" काका मला विचारू लागले. "तोंडाला सवय आहे रे. तू समोर बस. मी तोंड उघडलं की खोक."

रूथ आली. सोफ्यावर बसली. काका लगेच तिच्या पायाशी. ती गडबडली.

"पापा, ये क्या? ऊपर बैठो ना."

काका अडकले. खाली बसून ऐकायचं, आणि ऐकू आलं ते हे! त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घाबरून उगाचच खोकलो. शेवटी तिनंच हात दिला आणि काका उठून तिच्या शेजारी बसले.

ती बोलू लागली. हिंदीत, मध्येच मराठीत. नवऱ्याचं दुकान, गळका गीझर, सासूबाईंचे टोमणे. काका हं सुद्धा म्हणेनात. नुसते तिच्या तोंडाकडे बघत होते. बऱ्याच वेळानं तीच थांबली.

"बोअर कर रही हूँ ना, पापा?"

काकांनी जोरजोरात नकारार्थी मान हलवली.

"मग? पुढं काय झालं?"