तिसऱ्या मजल्यावरची पसंती

सांगली-मिरज रस्त्यावरच्या नव्या मॉलमध्ये माणसं पदार्थ निवडत नसत, पदार्थ माणसं निवडत. तिसऱ्या मजल्यावरच्या फूड कोर्टात उद्घाटनापासून हीच पद्धत होती आणि ती सुरळीत चालली होती. सुरुवातीला थोडी कुरकुर झाली. पण सांगलीकर नव्या गोष्टीला पोटभर नावं ठेवून झाली की मुकाट्यानं रांगेत उभे राहतात, तसं याही वेळी झालं.

पद्धत अगदी साधी. मधोमध खुर्च्या मांडलेल्या असत, त्यांतल्या एकीवर बसायचं. मग स्टॉलवरून पदार्थ बघायला येत. चांगल्या घरचे पदार्थ एकटे येत नसत. मसाला डोशाबरोबर चटणी आणि सांबार अशी वडीलधारी मंडळी असत आणि बोलणं बहुधा सांबारच करी. नाव काय, सकाळी काय खाल्लंत, तिखट सोसतं का, जेवताना मोबाईल बघायची सवय आहे का, असं विचारून झालं की मंडळी जरा बाजूला जाऊन कुजबुजत. पसंती आली की जेवायला बसायचं. नाही आली तर ‘कळवतो’ म्हणून ते निघून जात, आणि मग कधी काही कळवत नसत. बघण्याच्या कार्यक्रमांतून गेलेल्या पिढीला यात नवीन काहीच वाटलं नाही.

शिवाय आल्या पाहुण्याला उपाशी पाठवायचं नाही ही आपल्याकडची रीत त्या मॉलनं फारच मनावर घेतली होती. तिसऱ्या मजल्यावर आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय खाली सोडत नसत. सरकत्या जिन्याच्या तोंडाशी पसंती अधिकारी मुजावरसाहेब उभे असत. उतरणाऱ्यानं त्यांच्यासमोर ढेकर द्यायचा. साहेब डोळे मिटून तो ऐकत आणि मान हलवत. खोटा ढेकर त्यांना लगेच ओळखू येई.

रविवारी दुपारी शालनताई खराडे तिथं आल्या. बरोबर नवरा दिनकरराव होते, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झालेले, आणि सून ऋतुजा, जी एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करी. मुलगा नोकरीसाठी परगावी होता. मॉल बघायचाच असा आग्रह ऋतुजाचा होता. जिना चढता चढता तिनं सासूला बजावलं होतं, “आई, तिथं लाजायचं नाही हं. विचारतील त्याचं सरळ उत्तर द्यायचं.”

ऋतुजाला बसल्या बसल्या पिझ्झानं पसंत केलं. पिझ्झा मोकळ्या वळणाचा असल्यामुळे एकटाच आला होता आणि त्यानं फारसं काही विचारलं नाही. दिनकररावांकडे डोसा आला. सांबारानं त्यांची नीट चौकशी केली, चटणीनं त्यांच्या मिशीकडे एकदा पाहिलं, आणि घरंदाज माणूस आहे असं ठरलं. दिनकरराव जेवायला बसले.

शालनताईंकडे पावभाजी आली.

“आवड काय तुमची?” भाजीनं विचारलं.

“माझी कसली आवड? मला काहीही चालतं.”

पावानं भाजीकडे पाहिलं. भाजीचा चेहरा उतरला. “म्हणजे आमच्या जागी दुसरं कुणी आलं असतं तरी चाललं असतं,” ती म्हणाली. “बोलून दाखवलंत ते बरं केलंत, ताई. पण असं घर आम्हाला नको.” आणि लोणी वितळायच्या आत दोघं परत गेली.

मग नूडल्स आल्या. शालनताई पदराशी चाळा करत काही बोलणार, एवढ्यात शेजारच्या टेबलावरून दिनकरराव म्हणाले, “तिचं काही नसतं हो. मागं उरेल ते खाते ती.”

“आम्ही उरत नाही,” नूडल्स ताठ आवाजात म्हणाल्या आणि उठल्या.

त्यानंतर छोले आले आणि गेले. समोसा आला, पण लांबूनच कानोसा घेऊन वळला. आईस्क्रीम थांबायला तयार होतं, पण त्याला थांबणं मुळातच जमत नव्हतं. प्रत्येकानं एकच प्रश्न विचारला आणि शालनताईंनी प्रत्येकाला तेच उत्तर दिलं. हे उत्तर चुकीचं असू शकतं ही गोष्टच त्यांना नवी होती. तासगावला लग्नाआधी त्या अशाच खुर्चीवर बसल्या होत्या. तेव्हा काय काय करता येतं ते विचारलं होतं आणि त्यांनी सगळं धडाधड सांगितलं होतं. काय खायला आवडतं असं कुणी विचारलं नव्हतं, म्हणून ते उत्तर तयारच झालं नाही.

“आई, काहीतरी एक सांगून टाका ना,” ऋतुजा घड्याळ बघत म्हणाली. तिला लॅबमध्ये संध्याकाळची पाळी होती.

“काय सांगू?”

“मनात येईल ते.”

मनात काहीच येत नव्हतं. ऋतुजाचा पाय निघत नव्हता, पण पाळी चुकवता येण्यासारखी नव्हती. तिनं मुजावरसाहेबांना दोनदा विनवलं. साहेबांनी नियम सांगितला आणि मनापासून वाईट वाटल्याचंही सांगितलं. ती ढेकर देऊन उतरली. पाठोपाठ दिनकरराव उठले. दुपारची झोप त्यांना लागायचीच. “तू आवरून ये मग,” ते म्हणाले आणि असा ढेकर दिला की मुजावरसाहेबांनी डोळेसुद्धा मिटले नाहीत.

शालनताईंना बाकावर बसायला सांगण्यात आलं. तिथं आधीपासून भूपाल गुरुजी बसले होते. ते कवलापूरचे निवृत्त हेडमास्तर. उद्घाटनाच्या दिवशी आले होते, ते अजून उतरायचे होते.

“तुम्हालासुद्धा पसंती नाही आली?” शालनताईंनी विचारलं.

“येते की. सारखी येते,” गुरुजी म्हणाले. “पण आपण एकदम हो कसं म्हणायचं?”

त्याच वेळी एक इडली आपणहून त्यांच्यापुढे येऊन थांबली. “याल का?” तिनं विचारलं.

“नको नको, असू दे. उगीच कशाला,” गुरुजी म्हणाले आणि पुढच्या आग्रहाची वाट बघत अर्धवट उठलेही. इडलीनं नमस्कार केला आणि ती निघून गेली. आपल्याकडे पहिलं ‘नको’ कुणी धरत नाही, दुसरंही धरत नाही. पण पदार्थांना आग्रह करायची मुभा नव्हती. गुरुजींना ते माहीत होतं. तरी तोंडातून ‘हो’ निघत नव्हतं.

“मग तुमचं भागतं कसं?”

“वासावर,” गुरुजी म्हणाले. ते फार बारीक झालेले दिसत नव्हते.

शालनताईंच्या पोटात मात्र कावळे ओरडत होते. गुरुजींकडे बघून त्यांना धडकी भरली. आपणही इथंच राहणार. शेजारणी येऊन भेटून जातील, दिवाळीला घरून नवी साडी येईल, आणि आपण इथं वासावर जगत बसू. त्यांनी डोळे मिटले आणि नेटानं आठवायला सुरुवात केली.

दिनकररावांना वांग्याचं भरीत आवडतं, पण कांदा वरून, कच्चा. आमटीला कोकम घातलेलं चालत नाही, चिंचच लागते. मुलाला शिऱ्यातले बेदाणे नकोत. सासऱ्यांना दूध कोमट लागायचं, सासूबाईंना कढीत आलं. ऋतुजाला शेपू समोर नको. हे सगळं सरसर येत होतं, न अडखळता. मग स्वतःची पाळी आली आणि एकदम अंधार. शालनताईंना रडू आलं. साठी उलटलेली बाई, तीन पिढ्यांना जेवायला घालून बसलेली, आणि तिला स्वतःबद्दल एक पदार्थ सांगता येऊ नये याची त्यांना लाज वाटली, आणि मग लाजेपेक्षा जास्त राग आला. कुणाचा, ते मात्र ठरेना.

त्या रागातच त्यांना एक वास आठवला. तव्यावरून विस्तवाकडे सरकवलेल्या भाकरीचा. टम्म फुगलेली, वरचा पापुद्रा सुटलेला, काठाला जराशी करपलेली. पहिली सासऱ्यांच्या ताटात जायची. दुसरी दिनकररावांच्या. मग मुलाच्या, मग कुणी आलंगेलं असेल त्याच्या. त्यांची स्वतःची भाकरी शेवटची. ती तव्यावरून उतरली की आधी ओटा पुसायचा, भांडी गोळा करायची, आणि मग बसायचं. तोवर ती भाकरी वातड व्हायची. गरम भाकरी त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या ताटात वाढली होती आणि दर वेळी, हात मागे घेताना, त्यांना ती हवी असायची.

त्या उठून मुजावरसाहेबांकडे गेल्या. “साहेब, एक विचारायचं होतं. आवडती गोष्ट कधीतरी खाल्लेलीच असायला लागते का?”

मुजावरसाहेबांनी हा प्रश्न हलक्यानं घेतला नाही. “नियमात तशी अट नाही,” ते म्हणाले. “न खाल्लेल्याचीसुद्धा आवड असू शकते. फक्त मोठ्यानं सांगायला लागतं. आणि खुर्चीवर बसून.”

शालनताई खुर्चीवर बसल्या. आजूबाजूला बरीच माणसं होती. त्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, “मला गरम भाकरी आवडते. तव्यावरून उतरल्या उतरल्या. फुगलेली. दुसऱ्या कुणीतरी थापलेली.”

कोपऱ्यातल्या घरगुती जेवणाच्या स्टॉलवर हालचाल झाली आणि एक ज्वारीची भाकरी धावतच आली. बरोबर वडीलधारं कुणी नव्हतं. लोण्याचा गोळा मागून येत होता, पण तो वाटेत घसरत होता.

“बोलाचालीला वेळ नाही,” भाकरी म्हणाली. तिच्यातून वाफ निघत होती. “मी निवायला लागलेय. बोटं भाजतील तुमची. चालेल?”

“चालेल.”

“चालेल की पाहिजे?”

“पाहिजे,” शालनताई म्हणाल्या.

भाकरीनं त्यांना पसंत केलं. त्यांनी पापुद्रा उचलला, तेवढ्यात दिनकरराव जिन्यावरून वर आले. झोप झाली होती, पण चेहऱ्यावर त्याचं समाधान नव्हतं.

“अगं, किती वेळ? घरी काही केलेलं नाही. ऋतुजा ड्यूटीवर गेली. मी नुसत्या चहावर आहे. चल, आवर की.” मग त्यांची नजर भाकरीवर गेली. “वा, फुगलीय की. आण इकडे अर्धी.”

त्यांचा हात पुढे आला. शालनताईंचा हातही भाकरी मोडायला निघाला, कारण तो इतकी वर्षं तेच करत आला होता.

“मी यांना बघितलेलं नाही,” भाकरी शांतपणे म्हणाली.

शालनताईंचा हात थांबला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, भाकरीकडे पाहिलं, आणि घास तोंडात घातला. जीभ चांगलीच भाजली. डोळ्यांत पाणी आलं, ते भाजल्यामुळेच होतं असं नाही. दिनकररावांनी हात तसाच काही वेळ पुढे धरला आणि मग तो पाठीमागे नेला. पहिली संपत आली तशी दुसरी भाकरी आपणहून आली, आणि ती पहिलीपेक्षाही जास्त फुगली होती. शालनताईंनी तीही खाल्ली. घाई केली नाही. ओटा पुसायचा नव्हता.

जेवून त्या मुजावरसाहेबांपुढे उभ्या राहिल्या. चार माणसांत ढेकर द्यायचा नाही असं त्यांना लहानपणापासून शिकवलं होतं. पण तो आला, आणि मोठा आला. साहेबांनी डोळे मिटून ऐकला. “भाकरी,” ते म्हणाले. “लोण्याबरोबर. जा, ताई.”

पाठोपाठ दिनकररावांनी जोर लावून ढेकर दिला.

“हा चहाचा आहे, साहेब,” मुजावर म्हणाले.

“दुपारी डोसा खाल्लाय मी!”

“त्याचा ढेकर तुम्ही दुपारीच दिलात. आता नव्यानं वर आलात. उपाशी माणसाला आम्हाला खाली सोडता येत नाही. बसा खुर्चीवर. आवड सांगा म्हणजे बघायला येतील.”

दिनकरराव खुर्चीवर बसले. एक थाळी तिच्या सगळ्या वाट्यांसह त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिनं आवड विचारली. दिनकररावांनी तोंड उघडलं, मग बायकोकडे पाहिलं.

“अगं, सांग की यांना. मला काय आवडतं ते तुला माहितीय.”

शालनताईंना खरंच सगळं माहीत होतं. कच्चा कांदा, चिंच, सगळं जिभेच्या टोकावर आलं होतं. पण त्यांचं एक पाऊल जिन्यावर पडलं होतं आणि जिना चालू होता.

“सावकाश जेवून या,” त्या म्हणाल्या.

जिना त्यांना खाली घेऊन गेला. तळमजल्यावर चपलांचं एक दुकान होतं. नवरा येईपर्यंत वेळ काढायचा म्हणून त्या आत गेल्या. दुकानदारानं एक करड्या रंगाचा जोड काढून पुढे ठेवला. शालनताईंनी तो घातला, चार पावलं चालून पाहिलं, आणि आपल्याला हा आवडला नाही असं त्याला सांगितलं.