सिंकखाली सर

मलकपेठेतल्या तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं आणि आजचं काम अवघड जाणार, हे एकनाथरावांना कळलं. दारात प्रशांत उभा होता. त्र्याण्णवची दहावी, शेवटून दुसरा बाक.

"सर, तुम्ही?" तो पाया पडायला वाकला. "मीना, चहा ठेव. आमचे गणिताचे सर आलेत."

"अरे, मी..."

"आधी बसा सर."

एकनाथरावांनी पिशवी पायांशी ठेवली. गौलीगुड्यात तेहतीस वर्षं गणित शिकवून ते निवृत्त झाले होते. दोन वर्षांपूर्वी पत्नी गेली, आणि घरात आवाज करणारा एक गळका नळ तेवढा उरला. तो दुरुस्त करायला कोणी येईना, म्हणून बासष्टाव्या वर्षी ते प्लंबिंगच्या क्लासला जाऊन बसले. आता प्रमाणपत्रासाठी एवढंच हवं होतं, एका गिऱ्हाइकाचं काम एकट्याने करायचं आणि फॉर्मवर त्याची सही घ्यायची. फॉर्म आज पाचच्या आत द्यायचा होता.

चहा आला, चिवडा आला. प्रशांतने घड्याळ पाहिलं.

"सिंकखालचा पाइप गळतोय सर. क्लासवाले प्लंबर पाठवतो म्हणाले, त्याचा पत्ता नाही." त्याने क्लासने दिलेला प्लंबरचा नंबर लावला. एकनाथरावांच्या पिशवीत, पान्याशेजारी, फोन वाजू लागला.

प्रशांतने पिशवीकडे पाहिलं, मग सरांकडे.

"मीच तो," एकनाथराव म्हणाले.

"नक्को सर. तुम्ही आमच्या सिंकखाली वाकणार? आई घरात घेणार नाही मला." त्याने पिशवीतला पाना उचलला. "तुम्ही बसून सांगा, मी करतो."

खुर्ची स्वयंपाकघरात आली.

"आधी खालचा कॉक बंद कर."

"हौ सर," प्रशांत म्हणाला. वर्गातही तो असंच म्हणायचा, न ऐकता. त्याने सरळ नट फिरवला. पाण्याची धार मीनावर, तिथून डाळीच्या डब्यांवर आणि मग सगळीकडे गेली. एकनाथराव उठू लागले.

"सर, तुम्ही उठू नका," सिंकखालून आवाज आला.

तेवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावर गेल्याच आठवड्यात राहायला आलेल्या हमीदाबी तरातरा आत आल्या. खुर्चीत कोरडे गृहस्थ, हातात बशी. सिंकखाली भिजलेला माणूस.

"साब, मेरे छत से पानी टपक रा. ये कैसे प्लंबर कू बुलाए जी?"

"प्रशांत, बाहेर ये." हा वर्गातला आवाज होता. प्रशांत बाहेर आला आणि न सांगता भिंतीशी उभा राहिला.

एकनाथराव पँट दुमडून आत शिरले. कॉक बंद केला, नवा वॉशर घातला, नट आवळला. सात मिनिटं लागली. मग त्यांनी फॉर्म पुढे केला.

"'कामाबद्दल शेरा'," प्रशांतने वाचलं. "तुमच्या कामावर मी शेरा मारू? हात उठत नाही सर."

"नुसती सही कर."

"सहीची जागा शेऱ्याखालीच आहे सर."

हमीदाबी दोघांकडे बघत होत्या. "तो प्लंबर आप हैं?"

"हौ."

"फिर नीचे चलो. मेरा भी नल टपकता." त्यांनी प्रशांतकडे बोट केलं. "इनकू नक्को लाओ."

खाली त्यांनी खुर्ची दिली नाही, चहा विचारला नाही. कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, "बराबर टाइट करो" असं दोनदा म्हणाल्या आणि सांडलेलं पाणी पुसायला लावलं. मग फॉर्म न वाचता शेरा लिहून सही केली.

जिन्यात थांबून एकनाथरावांनी तो पुन्हा वाचला. 'ठीक है.'