घळीत सासू, समोरून जावई

"रद्द? मी जिवंत असताना दहाची फेरी रद्द?" देझ्बाने शाल खांद्यावर अशी झटकली, की शेडमधले निम्मे कागद उडाले. "या घळीतून मी हरवलेल्या मेंढ्या काढल्यात! बारा माणसं नाही काढणार?"

"आई, माणसं मेंढ्यांसारखी नसतात," लॉरेन कागद गोळा करत म्हणाली.

"नसतातच! मेंढ्यांना अक्कल असते!"

घळ त्यांच्या घरच्या जमिनीतच होती. एरवी नात शॅनडीन तिकीट काढून आलेल्या पाहुण्यांना तिथे फिरवून आणायची, पण आज ती परीक्षेला गेलेली. लॉरेनला दहाची फेरी रद्द करायची होती. कारणही तसंच होतं. गेल्या महिन्यात देझ्बाने एका पाहुण्याला विचारलं होतं, की एवढा पिकलास तरी चड्डीवर का हिंडतोस. त्याची लेखी तक्रार आली होती.

"काळजीने विचारलं हो," देझ्बा म्हणाली. "पाय भाजले असते त्याचे."

"ठीक आहे, ने. पण आज एक जरी तक्रार आली, तर फाटकाची किल्ली माझ्याकडे. कबूल?"

किल्ली देझ्बाच्या गळ्यात निळ्या खड्यांच्या माळेशेजारी लटकत असे. किल्ली जिच्याकडे, तिचाच शब्द घळीत चाले. ती देझ्बाला तिच्या आईकडून मिळाली होती, आणि इतक्यात पुढे द्यायचा तिचा मुळीच बेत नव्हता.

"कबूल! तक्रार करणारा अजून जन्माला यायचाय!"

आणखी एका कारणाने ती आज खुशीत होती. जावई व्हर्नन सकाळीच टायर आणायला शहरात गेला होता. त्यांच्या जमातीची जुनी रीतच होती: सासूने जावयाचं तोंड पाहायचं नाही, पाहिलं तर डोळे जातात. बोलायचंही नाही. एकोणीस वर्षं दोघांनी हे काटेकोर पाळलं होतं. ती घरात असली की तो अंगणात तिचा पिकअप दुरुस्त करायचा, आणि तो बाहेर गेला की ती त्याच्यासाठी मटण रांधून ठेवायची. त्याचा चेहरा तिला ठाऊक नव्हता, पण खोकला ती शंभर माणसांत ओळखायची.

बारा पाहुणे घेऊन देझ्बा वरच्या तोंडाने घळीत शिरली. शंभर पावलांवर घळ इतकी चिंचोळी झाली, की ओहायोहून आलेले दातांचे डॉक्टर पोट आत ओढून आडवे चालू लागले.

"बाई, हा दगड कशासारखा दिसतो?" त्यांनी विचारलं.

"दगडासारखा."

"आणि तो लाल?"

"लाल दगडासारखा. सगळं पाण्याने कोरलंय. पाण्याला घाई नव्हती, तुम्हाला आहे. चला!"

सगळे मुकाट्याने पुढे सरकले. देझ्बाला वाटलं, असं शॅनडीनला जमतं का? नाही जमत!

आणि पुढच्या वळणापलीकडून खोकला आला.

देझ्बा जागच्या जागी थिजली. व्हर्नन! टायर घेऊन तो लवकर परतला होता. दहाची फेरी बहुधा रद्द होणार हे लॉरेनने त्याला सकाळीच सांगितलेलं, त्यामुळे खालच्या तोंडाशी ताटकळलेले आणखी अकरा पाहुणे घेऊन तो बिनधास्त वर चढत होता. सासूबाई घळीत आहेत हे त्याला कोण सांगणार? तिथे फोनही लागत नाही.

"मागे फिरा!" देझ्बा गरजली. "सगळे मागे! पळा!"

पाऊस पडला की अशी घळ क्षणात पाण्याने भरते, त्यामुळे तिथे 'पळा'चा एकच अर्थ निघतो. रांगेतल्या एकीने किंकाळी फोडली, "पूर आला!"

वर आभाळ धुतलेल्या ताटासारखं लख्ख होतं. पण वर बघतो कोण? "पूर! पूर!" हा आवाज भिंतींवर आपटत खाली व्हर्ननच्या मंडळींपर्यंत गेला. पूर आला तर उंच जागी जायचं, एवढं त्यांना कुणीतरी पढवलेलं असावं. ती अकरा माणसं व्हर्ननला पुढे घालून, बाटलीच्या बुचासारखी ढकलत, थेट वळणापर्यंत घेऊन आली!

देझ्बाने शाल डोक्यावरून हनुवटीपर्यंत ओढली. तिचा आवाज ऐकून व्हर्ननने टोपी नाकापर्यंत दाबली. आणि दोघांच्या मधे, गर्दीच्या रेट्यात पुढे ढकलले गेलेले, खिळ्यासारखे ठोकलेले, अडकले डॉक्टर.

"डॉक्टर," शालीतून आवाज आला, "त्यांना सांगा, भिंतीला पाठ लावून उभं राहा म्हणावं."

"पण बाई, ते इथेच आहेत. त्यांना ऐकू येतंय!"

"तुम्ही सांगा!"

डॉक्टरांनी सांगितलं.

"डॉक्टर," टोपीखालून आवाज आला, "त्यांना म्हणावं, लावली पाठ. आणि म्हणावं, कालचं मटण फार छान झालं होतं."

डॉक्टरांनी तेही सांगितलं. एकोणीस वर्षांत जावयाकडून आलेली ही पहिलीच दाद!

"त्यांना विचारा, मीठ बरोबर होतं का?"

"थोडं कमी होतं म्हणतात."

"कमी? जीभ तपासून घे म्हणावं! डॉक्टर, तुम्हीच तपासा, दात जवळच असतात!"

मागून कुणीतरी ओरडलं, "पूर येतोय आणि तुम्ही मिठाचं काय बोलताय?"

"कुठला पूर? वर बघा, टिपूस तरी आहे का? चला सगळे माझ्यामागे!" असं म्हणून देझ्बा शालीसकट सरकू लागली. हाताला पोट लागलं की विचारायची, "हे कुणाचं?" पट्ट्याचं मोठं बक्कल लागलं आणि तो ओळखीचा खोकला आला, तेव्हा मात्र काहीही न विचारता ती विजेसारखी पुढे निसटली. गुडघा खरचटला, पण आवाज खणखणीत राहिला. तो इतका खणखणीत होता, की व्हर्ननची अकरा माणसंही माघारी वळली आणि तिच्यामागे लागली.

अर्ध्या तासाने ती खालच्या तोंडाने बाहेर पडून, वाळूतून वळसा घालून शेडपाशी आली.

लॉरेन दारातच उभी होती. "आई, काय झालं? व्हर्नन वरून एकटाच बाहेर आला. टोपी अजून डोळ्यांवर. आता पिकअपमागे लपलाय."

"बारा नेले होते, तेवीस आणलेत!" देझ्बा म्हणाली. "कमी तर नाहीत ना?"

लॉरेनने वही काढली आणि एकेकाला विचारलं. कुणाचीच तक्रार नव्हती. डॉक्टर तर शर्टावरची लाल माती झटकत म्हणाले, "पुढच्या वर्षी मी सासूबाईंना घेऊन येतो. न बोलण्याची ही पद्धत त्यांनी एकदा बघायला हवी!"

"ऐकलंस?" देझ्बा मोराच्या तोऱ्यात म्हणाली. "एक तक्रार नाही! आणि आता तुझ्या नवऱ्याला तेवढं सांगून ठेव. न विचारता खालच्या तोंडाने माणसं घालायची म्हणजे काय? फाटकाला नियम आहे की नाही? मला केवढा त्रास झाला! श्वास कोंडला, गुडघा सोलून निघाला, वर मीठ कमी म्हणे! असला कारभार मी कुठे पाहिला नाही! कुणीतरी याची दखल घ्यायला..."

लॉरेनची पेन्सिल भराभर चालत होती.

"काय लिहितेस गं?"

"तक्रार," लॉरेन मान वर न करता म्हणाली. "गुडघा कुठला लिहू, आई?"

तेवीस माणसं देझ्बाकडे बघत होती.

"डावा," देझ्बा म्हणाली, आणि गळ्यातली किल्ली सोडवू लागली.