क्रशरपुढचा दगड

परसातली जुनी न्हाणी पाडायला केरबांनी होकार दिला तो एकाच अटीवर. बयाबाईंच्या धुण्याच्या दगडाला धक्का लागता कामा नये. सून राजनंदिनीनं दगड जपून बाहेर, वाटेच्या कडेला काढून ठेवला. ट्रॉलीवाल्यानं राडारोडा भरताना पहिला तोच उचलला.

त्यांची बायको बयाबाई जाऊन आठ महिने झाले होते. केरबा रोज सकाळी त्या दगडावर बसून चहा पीत. त्या दिवशी ते कप हातात घेऊन परसात आले, दगड कुठंच दिसला नाही, आणि ते तसेच अनवाणी गल्लीच्या टोकाला धावले. तिथल्या मोकळ्या जागेत चाकांवरचा क्रशर आला होता. पाडलेल्या घरांच्या विटा, काँक्रीट एका बाजूनं आत टाकायचं, दुसऱ्या बाजूनं खडी निघायची.

"बंद कर, इलाही."

इलाहीनं मशीन बंद केलं. "काय झालं, काका?"

"आमच्या हिचा दगड हाय त्यात."

इलाहीनं ढिगाकडं बघितलं. "काका, समदं दगडच हाईत की."

"काळा हाय. मधी झिजलाय. वीस वर्षं धुणं धुतलंय तिनं."

गल्ली मदतीला गोळा झाली. पण ढीग उपसताना ज्याला त्याला आपलंच काहीतरी दिसायला लागलं. क्रांतीला आईच्या घरातला उंबरा सापडला. आण्णांनी स्वतःच टाकलेलं संडासाचं भांडं परत उचललं. "चांगलं हाय की ह्ये."

"मी खडी करायला आलोय," इलाही म्हणाला. "हितं जत्रा भरलीया."

तासाभरानं दगड सापडला. केरबांनी तो सदऱ्यानं पुसला. तेवढ्यात शेजारच्या झुंबरबाई पुढं आल्या.

"घावला व्हय? बरं झालं. आमचा हाय त्यो."

"काय बोलताय, वैनी?"

"आवं, मागं पूर आलता तवा तुमचा गाळात गेलता. बया आमचा घिऊन गेली, दोन दिसांसाठी म्हणून. उलटा करून बघा, आमच्या ह्यांची खूण हाय."

इलाहीनं दगड उलटा केला. खूण होती.

केरबांनी उभ्या जन्मात कुणाची सुतळीसुद्धा ठेवून घेतली नव्हती. सगळी गल्ली त्यांच्याकडं बघत होती.

"न्या मग," ते खालच्या मानेनं म्हणाले.

"न्हिऊन काय करू? धुण्याचं मशीन हाय आमच्यात. टाक रं इलाही, खडी तरी हुईल."

इलाही दगडाला हात घालायला वाकला. केरबा चटकन दगडावर बसले.

"वैनी, तुम्ही परत कसा मागितला न्हाई कधी?"

"मागितला की. दर म्हैन्याला. उद्या देते म्हणायची आणि च्या टाकायची. मग म्या बी गप बसायची."

इलाही ताटकळला होता.

"उद्या देतो," केरबा म्हणाले.

झुंबरबाईंनी त्यांच्याकडं नीट बघितलं. मग पदर खोचला आणि इलाहीकडं वळल्या.

"चालू कर बाबा तुझं मशीन. ह्यो दगड काय मला आता मिळत न्हाय."