दुसऱ्यांच्या मुलांची शाळा

कोणत्याही यादवीनंतर समाजाला प्रथम आठवतं ते शिक्षण. कारण मोठ्यांचं आता काही होणार नाही, हे तोवर सिद्ध झालेलं असतं.

जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या मराठी मंडळातली यादवी २००४च्या गणेशोत्सवात पेटली. हॉल आठला रिकामा करायचा होता आणि आरत्या तर निम्म्याही झाल्या नव्हत्या. उरलेल्या गाळाव्यात की किल्ल्या घेऊन उभ्या असलेल्या इमारतीच्या रखवालदाराला, म्हणजे हाउसमाइस्टरला, ताटकळत ठेवावं, यावरून मंडळ दुभंगलं. पुढच्या वर्षी त्याच इमारतीत दोन गणपती बसले, एक खाली, एक वर. (हाउसमाइस्टरने मोदक दोन्हीकडे खाल्ले. तटस्थ राष्ट्रांना असे लाभ होतातच.)

अशा वेळी डॉ. श्रीरंग पुढे आले. ते भूलतज्ज्ञ. समोरचा माणूस गप्प झाल्यावरच खरं काम सुरू होतं, हा त्यांचा अनुभव राजकारणातही उपयोगी पडला. अध्यक्ष होताच त्यांनी घोषणा केली: दोन्ही गटांच्या मुलांना एकच मराठी शाळा, दर शनिवारी, फुकट.

खरं कारण घरचं होतं. पुण्याहून त्यांच्या आईचा, मनोरमाबाईंचा फोन आला की डॉक्टरांची सहा वर्षांची मुलगी शिवांगी सगळं समजून जर्मनमधून उत्तर द्यायची आणि मनोरमाबाई काही न कळता "हो गं बाळा" म्हणत राहायच्या.

ठरावाला शंभर टक्के पाठिंबा मिळाला. मुलं पाठवण्याबाबत मात्र थोडी विविधता होती. कुणाचं पोहणं, कुणाचं व्हायोलिन, तर चौथीतल्यांच्या आईबापांना गिम्नाझियमचा, म्हणजे तिथल्या हुशारांच्या शाळेतल्या प्रवेशाचा, घोर. (पाचवीला गिम्नाझियम न मिळणं ही बातमी मंडळात घटस्फोटाइतक्याच हलक्या आवाजात सांगितली जाई.) तरी एका मुद्द्यावर दोन्ही गटांचं प्रथमच एकमत झालं: विरुद्ध गटाच्या मुलांना या शाळेची नितांत गरज आहे.

उद्घाटनाला हॉल खच्चून भरला. मूल एकही नव्हतं.

"डॉक्टर, निदान तुमची शिवांगी तरी आणायचीत!" खजिनदार जयंत कुजबुजला.

डॉक्टरांनी बायकोला फोन लावला.

"अहो, ती बॅलेला गेलीय," नंदिनी म्हणाली. "तुम्हीच नाही का नाव घातलंत? शनिवार रिकामा दिसतो म्हणून?"

डॉक्टर माइककडे वळले आणि मातृभाषेवर तासभर बोलले. टाळ्या थांबेनात.

शाळेचा पहिला निकाल पुण्यात लागला. पुढच्या फोनवर शिवांगी जर्मनमध्ये काहीतरी बोलली आणि पलीकडून मनोरमाबाई जपून म्हणाल्या, "जा, जा. गेनाऊ." म्हणजे जर्मनमध्ये, हो, हो, अगदी बरोबर. बहात्तराव्या वर्षी त्यांनी जर्मनचा क्लास लावला होता.

शाळा अजून चालू आहे. पालक नियमित येतात, चहा चांगला असतो. वाचकांना हे वाचून हसू आलं असेल, तर त्यांनी ही गोष्ट आपल्या मुलांनाही वाचायला द्यावी. ज्यांना ती मुलांना आधी इंग्रजीत समजावून सांगावी लागेल, त्यांना मंडळ डार्मश्टाटला न येताही आजीव सभासद करून घेतं.